कळ कुठे येते, ते एका बोटानं दाखवा

कंबर आणि तिच्या खालचा सांधा यांच्या दुखण्याबद्दल आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं देते आहे. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत. पत्र वाचून तपासणी होत नाही, म्हणून तुमच्या गावच्या किंवा जवळच्या फिजिओथेरपिस्टनं काय तपासायला हवं, तेही जिथे गरज आहे तिथे लिहिलं आहे. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, माझा दवाखाना सातारा जिल्ह्यात आहे. माझ्याकडे येतात त्या बहुतेक बाळंतिणी, रानात राबणाऱ्या बायका आणि गाडी चालवणारे पुरुष. पत्रंही बरीचशी त्यांचीच आहेत.

प्रश्न : माझं वय ३१. सिझेरियन होऊन सात महिने झाले. कमरेखाली उजव्या बाजूला, कुल्ल्याच्या वरच्या अंगाला सतत दुखतं. रात्री कूस बदलताना आणि जिना चढताना कळ येते. बाळंतपणात शेक-शेगडी, मालिश सगळं झालं. एका क्लिनिकमध्ये सांगितलं, की माझा एसआय सांधा सरकलाय आणि उजवा पाय आखूड झालाय. तिथे रोज करंट आणि शेक देतात, आठवड्यातून एकदा सांधा ‘बसवतात’. मग दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच सुरू होतं. सासूबाई म्हणतात, पोट घट्ट बांधलं नाही म्हणून हे झालं. सांधा कायमचा जागेवर बसेल असा उपाय सांगा.

उत्तर : ताई, सांधा सरकलाय ही भीती आधी मनातून काढा. मोठ्या अपघातात ओटीपोटाची हाडं मोडतात, तेव्हाची गोष्ट वेगळी. एरवी हा सांधा असा सरकत नाही.

कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वर एक त्रिकोणी हाड असतं, त्रिकास्थी. कमरेची दोन रुंद हाडं तिला डावीकडून आणि उजवीकडून जोडलेली असतात. हे दोन जोड म्हणजे एसआय (सॅक्रोइलियाक) सांधे. शरीरातले अत्यंत जाड आणि चिवट अस्थिबंध त्यांच्याभोवती आहेत. त्यामुळे सांध्याची हालचाल जेमतेम दोन-तीन अंशांची, आणि सरकणं फार तर एखाद-दोन मिलिमीटरचं. एवढी बारीक हालचाल कातडी, चरबी आणि स्नायूंच्या थराखाली बोटांनी ओळखता येत नाही. दोन अनुभवी तपासणाऱ्यांनी एकच रुग्ण पाहिला तरी ‘वर गेलाय’ आणि ‘खाली आलाय’ अशी निरनिराळी उत्तरं येतात. झोपवून टाचा जुळवल्या आणि पाय आखूड ठरवला, त्याचंही तेच.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या एका अभ्यासात १० रुग्णांच्या हाडांत धातूचे बारीक मणी बसवून सांधा ‘बसवण्या’च्या आधी आणि नंतर क्ष-किरणांनी मोजमाप घेतलं गेलं. सांध्याची जागा बदललेली नव्हती. हातानं तपासणाऱ्यांना मात्र फरक जाणवला होता. तुम्हाला दोन दिवस बरं वाटतं ते खरंच आहे. त्या दाबानं आणि हिसक्यानं आवळून धरलेले स्नायू सैल होतात, दुखण्याची जाणीव मंदावते. पण त्या दोन दिवसांत स्नायूंना काही काम दिलं नाही तर तिसऱ्या दिवशी तुम्ही होत्या तिथेच येता. ‘तुमचा सांधा पुन्हा सरकला’ असं दर आठवड्याला ऐकलेली बाई हळूहळू पाय टाकायलाही घाबरते, आणि ही भीती दुखण्याला जास्त दिवस टिकवते. याचा मला फार त्रास होतो, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

आता तुमच्या दुखण्याकडे. कमरेखाली पाठीमागे दोन्ही बाजूंना खळी असते. कळ कुठे येते, ते एकाच बोटानं दाखवा. बोट दर वेळी त्या खळीशी किंवा तिच्या लगेच खाली, आतल्या अंगाला जात असेल तर एसआय सांध्याचा संशय घ्यायला जागा आहे. बोट कमरेच्या पट्ट्याच्या वर जात असेल तर दुखणं बहुधा कण्याचं. जांघेत जात असेल तर खुब्याचा सांधा आधी पाहावा लागतो. पुढचं काम फिजिओथेरपिस्टचं. तुम्हाला उताणं आणि कुशीवर झोपवून, मांडी दुमडून तिच्यावर दाब देऊन, कमरेची हाडं दोन्ही बाजूंनी दाबून आणि फाकवून, त्रिकास्थीवर तळहाताचा दाब देऊन अशा चार-पाच चाचण्या करतात. नेहमीची ओळखीची कळ त्यांतल्या तीन किंवा जास्त चाचण्यांत उठली तर निदानाला बळ येतं. एकाच चाचणीवरून काही ठरवू नये. तुमच्या पत्रात अशा तपासणीचा उल्लेखच नाही.

एक चाचणी घरीही होते. उताणं झोपा आणि उजवा पाय सरळ ठेवून वीतभर उचला. पाय जड वाटला, उचलवेना, तर सासूबाईंना किंवा यजमानांना कमरेची हाडं दोन्ही बाजूंनी तळहातांनी आत दाबून धरायला सांगा आणि पुन्हा उचला. दाबल्यावर पाय हलका झाला, तर कंबर आणि पाय यांच्यामध्ये भार नेणारे स्नायू कमी पडताहेत असं समजायचं. अशा बायकांना व्यायामाचा आणि काही दिवस ओटीपोटाच्या पट्ट्याचा चांगला उपयोग होतो. पट्टा पोटावर बांधायचा नाही. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडांच्या लगेच खाली, कुल्ल्यांना वेढून घ्यायचा. चालताना, घरकाम करताना वापरायचा, झोपताना काढायचा. सासूबाईंना सांगा, की पोट न बांधल्यानं हे झालेलं नाही. त्यांनी काळजीपोटीच म्हटलं असणार.

व्यायाम असे सुरू करा. उताणं झोपून गुडघे दुमडा. श्वास सोडताना लघवी आणि वारा एकदमच धरून ठेवावा तसे खालचे स्नायू हलके आत-वर ओढा, पाच-सहा सेकंद धरा, मग पूर्ण सैल सोडा. हे आठ-दहा वेळा. (लघवी करताना मध्येच थांबवून हा सराव करू नका.) मग गुडघ्यांमध्ये जाड उशी धरून अर्ध्याच ताकदीनं दाबा, पाच सेकंद, दहा वेळा. तिसरा, कंबर उचलायचा. दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून कंबर वर, दोन श्वास थांबून खाली. चौथा, डाव्या कुशीवर झोपून, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा उघडायचा. पहिले दोन-तीन आठवडे एवढंच.

ते सोपं वाटू लागलं की जमिनीवरून उभं राहा. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, एका पायरीवर चढणं-उतरणं, मग अर्धी बादली गुडघे आणि खुबे वाकवून उचलणं, मग भरलेली. बहुतेक ठिकाणी व्यायाम चटईवरच थांबतात. चटईवरची बाई जवळपास तीस किलोचं भरलेलं सिलिंडर सरकवायला आणि दहा किलोचं बाळ उचलायला तयार झालेली नसते. भार वाढवत न्यायलाच हवा. व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत झालं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर एक पायरी मागे या, बंद करू नका. नॉर्वेत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाच त्रासाच्या ८१ बाळंतिणी होत्या. ज्यांना नेमके आणि वाढत जाणारे व्यायाम २० आठवडे दिले, त्यांचा त्रास इतरांपेक्षा बराच कमी झाला आणि तो फरक दोन वर्षांनीही टिकून होता. तुम्हीही महिन्यांचा हिशोब धरा, आठवड्यांचा नाही.

दिवसभरातल्या दोन गोष्टी बदला. पाय लांब करून पायांवर बाळाला आंघोळ घालताना पाठीला कसलाच टेकू नसतो आणि कमरेखाली जोराचा ताण येतो. काही महिने टबात घाला, किंवा स्वतः छोट्या स्टुलावर बसा. आणि बाळ नेहमी एकाच कडेवर घेत असाल तर बाजू बदला. खोकताना, शिंकताना लघवी निसटत असेल तर तेही फिजिओथेरपिस्टला लाज न बाळगता सांगा. त्याचे उपचार आहेत आणि ते याच स्नायूंचे आहेत.

प्रश्न : मी २५ वर्षांचा, पुण्यात आयटीत नोकरी करतो. वर्षभर कंबर दुखते, कधी डावा कुल्ला, कधी उजवा. पहाटे तीन-चारला दुखण्यानं जाग येते. सकाळी तासभर कंबर आखडलेली असते, चालायला लागलो की मोकळी होते. सुट्टीच्या दिवशी लोळत पडलो तर जास्त दुखतं. एक्स-रे नॉर्मल आहे. सगळे म्हणतात खुर्ची बदल. फिजिओथेरपीची दहा सेशन केली, उपयोग नाही. मध्यंतरी एक डोळा लाल होऊन फार दुखला होता. त्याचा याच्याशी संबंध नसेल, पण लिहितो.

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे. बरं झालं लिहिलंत.

खुर्चीमुळे किंवा स्नायूंच्या ताणामुळे दुखणारी कंबर सहसा आराम केला की शांत होते आणि काम केलं की कुरकुरते. तुमचं उलटं आहे. चाळिशीच्या आत, हळूहळू सुरू झालेलं, तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं, पहाटे झोपमोड करणारं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणारं आणि हालचालीनं सुटणारं दुखणं आलं, की मी मशीनला हात लावत नाही. आधी संधिवाततज्ज्ञांना चिठ्ठी लिहिते. कारण अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा दाहाचा आजार बहुधा याच एसआय सांध्यांपासून सुरू होतो. डोळ्याच्या आतला दाह त्याच्या जोडीनं येऊ शकतो. टाच दुखणं, कातडीवर सोरायसिसचे चट्टे, वारंवार पोट बिघडून आव-रक्त पडणं, असं काही असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. घरात कुणाला असा आजार होता का, तेही आठवून ठेवा.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून हा आजार नाही असं होत नाही. एक्स-रेवर बदल दिसायला वर्षं जातात. सुरुवातीचा दाह एसआय सांध्यांच्या एमआरआयमध्ये दिसतो. नुसत्या कमरेच्या मणक्यांचा एमआरआय काढला तर हे सांधे त्यात नीट येतातच असं नाही, म्हणून मागणीपत्रावर काय लिहिलंय ते पाहून घ्या. एचएलए-बी२७ ही रक्ताची तपासणीही सांगतील. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही, आणि निगेटिव्ह आली म्हणजे नाहीच असंही नाही. सगळं जोडून निदान करतात. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. एकाच बाजूला दुखतंय, संध्याकाळी अंगात कणकण येते, वजन उतरतंय, रात्री घाम येतो, असं असेल तर सांध्याचा किंवा मणक्याचा क्षय आहे का ते तपासावंच लागतं. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाला असेल तर थांबू नये.

निदान तेच निघालं तर खचून जाऊ नका. आज यावर चांगली औषधं आहेत. साध्या दाहशामक गोळ्यांनी बऱ्याच जणांना मोठा फरक पडतो, नाहीतर पुढची बायोलॉजिक, म्हणजे दाह घडवणारी प्रथिनं रोखणारी इंजेक्शनं आहेत. औषधाच्या जोडीला फिजिओथेरपी आयुष्यभर लागते, आणि ती पडून घ्यायची नसते. रोज पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपणं, छाती पूर्ण फुगवून खोल श्वास, भिंतीला टाचा, कुल्ले, खांदे आणि डोकं टेकवून उभं राहणं, पाठीचे आणि कुल्ल्यांचे ताकदीचे व्यायाम. जमलं तर पोहणं. हे सगळं मणका पुढे वाकून आखडू नये म्हणून. सिगारेट ओढत असाल तर आजच सोडा, या आजारात ती मणक्याचं नुकसान वाढवते.

या महिन्यातच वेळ घ्या. या आजाराचं निदान जगभर कित्येक वर्षं उशिरा होतं, आणि ती वर्षं पुन्हा मिळत नाहीत.

प्रश्न : मला सातवा महिना आहे. थोरला मुलगा अडीच वर्षांचा. पुढे ओटीपोटाच्या मधल्या हाडात आणि मागे कमरेखाली असं दुखतं, की सलवार घालताना एका पायावर उभं राहवत नाही. घरचे म्हणतात गरोदरपणात असं असतंच. एकीनं शेकाचं मशीन घ्यायला सांगितलंय. घेऊ का?

उत्तर : शॉर्टवेव्ह डायथर्मीचं, म्हणजे विद्युतलहरींनी खोलवर शेक देणारं मशीन गरोदरपणात अजिबात घ्यायचं नाही. कंबर-पोटावर करंट नको, अल्ट्रासाऊंडचा शेकही नको. फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर तुम्ही गरोदर आहात हे पहिल्या वाक्यात सांगा. घरी कमरेला कोमट शेक थोडा वेळ घ्यायला हरकत नाही, पोटावर नको.

साधारण पाच गरोदर बायकांमागे एकीला हा त्रास होतो, त्यामुळे घरच्यांचं म्हणणं तितकंच खरं. पण ‘असतंच’ म्हणून सोसत बसायचं कारण नाही. बसून कपडे घाला. रात्री गुडघ्यांमध्ये जाड उशी ठेवा, आणि कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून अख्खं अंग एकदम वळवा. पलंगावरून उतरताना आधी कुशीवर व्हा, पाय खाली सोडा, मग हातानं उठा. जिन्यावर एकेक पायरी, चढताना कमी दुखणारा पाय आधी. रिक्षात बसताना आधी बूड टेकवा आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. जमिनीवर एका कुल्ल्यावर कलून बसू नका.

थोरल्याला कडेवर घेणं आता थांबवायला हवं. आईला ते जड जातं, मुलालाही. तुम्ही खाली पलंगावर बसा आणि त्याला स्वतः चढून मांडीवर येऊ द्या.

पट्टा आणि पहिल्या उत्तरातले पहिले दोन व्यायाम तुम्हालाही चालतील, उताणं न झोपता कुशीवर किंवा बसून करा. उशी दाबताना पुढच्या हाडात कळ आली तर तो व्यायाम सोडून द्या. गुडघे कळ न येता किती अंतरापर्यंत उघडतात, ते टेपनं मोजून तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना आणि प्रसूतीच्या वेळी तिथल्या सिस्टरना सांगून ठेवा. बहुतेकींचा त्रास बाळंतपणानंतर काही महिन्यांत ओसरतो. मात्र दुखणं कळांसारखं थांबून-थांबून ठरावीक वेळानं येऊ लागलं, रक्त किंवा पाणी गेलं, तर ते सांध्याचं नाही. लगेच दवाखाना.

प्रश्न : आमच्याकडे कोकणात उसण भरली की पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेतात. मी स्वतः बरा झालो आहे. तुम्ही शिकलेली माणसं यावर काय म्हणता?

उत्तर : तुम्ही बरे झालात यावर माझा पूर्ण विश्वास आहे. अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत उतरायला लागते, आणि बऱ्याच जणांची महिना-दीड महिन्यात पूर्ण जाते. पायाळू माणूस बोलावतात तो दुखणं सगळ्यांत जास्त असताना. तिथून ते कमीच होणार असतं. शिवाय कुणीतरी आपुलकीनं येतं, धीर देतं, माणूस उठून दोन पावलं चालतो. या गोष्टी औषधाइतक्याच उपयोगी आहेत.

माझी हरकत एकाच गोष्टीला. साठीच्या पुढच्या बाईच्या, किंवा बरीच वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याच्या कमरेला लाथ किंवा हिसका देऊ नका. हाडं ठिसूळ झालेली असतील तर मणका पिचतो. आणि उसण भरली म्हणून आठवडाभर अंथरुणात राहू नका. दोन दिवस आराम आणि सात दिवस आराम यांची अमेरिकेत झालेली तुलना १९८६ मध्येच प्रसिद्ध झाली आहे. दोन दिवसांत उठलेल्यांच्या खाड्यांचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी होते आणि दुखणं काही जास्त नव्हतं.

प्रश्न : आई ६१ वर्षांची आहे. कांद्याची लागण, खुरपणी सगळं करते. दोन वर्षं कंबर दुखते, पायात कळ नाही, मुंग्या नाहीत. एमआरआयमध्ये दोन ठिकाणी डिस्क बल्ज आला. ‘मणक्यात गॅप आहे, शेतात जायचं नाही, वाकायचं नाही’ असं सांगितलं. महिनाभर रोज तालुक्याला येऊन वजन लावायला सांगितलंय. एसटीचा प्रवास दोन्ही वेळचा तासा-तासाचा आहे. आई रिपोर्ट पाहून रडते. काय करू?

उत्तर : आईंना आधी हे वाचून दाखवा. ज्यांना काहीही दुखत नव्हतं अशा ३,११० माणसांच्या तपासण्या २०१५ साली एकत्र करून पाहिल्या गेल्या. विशीतल्या ३० टक्के लोकांच्या मणक्यांत डिस्क बल्ज, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली होती. साठीतल्या ६९ टक्के लोकांत तसंच होतं. कसलाही त्रास नसताना. म्हणजे आईंच्या वयाच्या धडधाकट बायका रांगेत उभ्या केल्या तरी निम्म्याहून अधिक जणींचे रिपोर्ट असेच येतील. पायात कळ नाही, ताकद गेलेली नाही, तर या रिपोर्टवर रडण्यासारखं काही नाही.

वजन लावून कंबर ताणण्याबद्दल (ट्रॅक्शन) स्पष्ट लिहिते. जुनाट कंबरदुखीवर जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात वजन लावणं, अल्ट्रासाऊंडचा शेक, टेन्सचा (कातडीवर पट्ट्या चिकटवून देतात तो) करंट आणि कमरेचे पट्टे नियमित उपचार म्हणून वापरू नयेत असं सांगितलं आहे. वापरा म्हणून सांगितलं ते आजाराची नीट समज देणं, व्यायाम, हातांनी करायचे काही उपचार, मालिश आणि मनाला उभारी देणारं समुपदेशन. दिवसाचे दोन तास एसटीत खडखडत जाऊन वीस मिनिटं वजन लावून परत यायचं, यातून आईंच्या कमरेचं भलं होणार नाही. तेवढ्या वेळात त्या घराभोवती चालल्या तर होईल.

फिजिओथेरपिस्टकडे जरूर जा, पण रोज नको. बीपीटी किंवा एमपीटी (फिजिओथेरपीतली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी) झालेली, राज्याच्या परिषदेत नोंदणी असलेली व्यक्ती शोधा. पहिल्या भेटीत ती आईंना वाकवून, चालवून, जमिनीवरून उठवून पाहते का, खुब्याचे सांधे हलवून पाहते का, पायांची ताकद तपासते का, याकडे लक्ष द्या. चार-पाच व्यायाम शिकवून, आईंकडून करून घेऊन, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावणारी व्यक्ती भेटली तर तिला सोडू नका. मशीन लावून पुढच्या रुग्णाकडे जाणारी असेल तर दुसरी शोधा.

शेत बंद करू नका. आयुष्यभर राबलेल्या बाईला घरात बसवलं की तिची ताकद तर जातेच, मनही खचतं. सुरुवातीला सलग दोन तास खुरपण्याऐवजी अर्ध्या अर्ध्या तासानं उठून बांधावरून दोन चकरा मारायच्या, हात वर करून मागे झुकायचं. लागणीत कमरेतून वाकून राहण्यापेक्षा बसून पुढे सरकणं सोसतंय का पाहा. गुडघे साथ देत नसतील तर लागणीसाठी मजूर लावा आणि निवडण्याचं काम आईंकडे द्या. घरी रोज कंबर उचलण्याचा व्यायाम, खुर्चीतून उठ-बस, आणि एक दिवसाआड बादलीचा. आधी दोन तांबे पाणी, दर आठवड्याला थोडं वाढवत. वाकायला बंदी घातलेल्या कमरेला वाकण्याची सवय परत लावावीच लागते.

फक्त एवढं विचारा : पडल्यावर किंवा ओझं उचलताना अचानक पाठीत जोराची कळ आली होती का, उंची कमी झाल्यासारखी वाटते का, वजन उतरलंय का. यातलं काही असेल तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवून एक्स-रे आणि हाडांची घनता तपासून घ्या.

प्रश्न : मी एसटी चालक, वय ४४. वर्षातून तीन-चारदा कंबर धरते. बरी झाली की मीही विसरतो. ड्यूटीवर कायम पट्टा लावू का? पुन्हा धरू नये म्हणून कोणतं मशीन घरी घ्यावं?

उत्तर : मशीन घेऊ नका, चालायला लागा. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेला, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तुमच्यासारख्यांवरच होता, नुकतीच बरी झालेली कंबर असलेल्यांवर. फिजिओथेरपिस्टनं अधूनमधून भेटून त्यांचं चालणं हळूहळू आठवड्यातले पाच दिवस, दिवसाला अर्धा तास इथपर्यंत नेलं. न चालणाऱ्यांपैकी निम्म्यांची कंबर ११२ दिवसांत पुन्हा धरली, चालणाऱ्यांपैकी निम्म्यांची धरायला २०८ दिवस लागले. तुमच्या ड्यूटीत सलग अर्धा तास मिळत नसेल तर स्टँडवर गाडी लागल्यावर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. गाडी लागल्यावर चहा उभ्यानं घ्या.

कंबर धरलेली असताना चार-सहा दिवस पट्ट्यानं आधार वाटत असेल तर लावा, नंतर काढा. पाकीट मागच्या खिशातून काढून डॅशबोर्डवर ठेवा, तासन् तास त्याच्यावर बसल्यानं एक कुल्ला उचललेला राहतो आणि तिथली नस दुखावते. सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबताना कंबर पाठीपासून सुटणार नाही.

आणि एक गोष्ट पाठ करून ठेवा, तुमच्या सोबतच्या वाहकालाही सांगा. कंबरदुखीबरोबर लघवी होत नाही असं वाटलं, किंवा नकळत झाली, शौचाचं भान गेलं, जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आला, किंवा दोन्ही पायांतलं बळ कमी झालं, तर नसांच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो. त्यावर तातडीनं शस्त्रक्रिया लागू शकते आणि उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. अशा वेळी शेक नको, गोळी घेऊन ड्यूटी पूर्ण करणं नको, माझ्यासारखीकडे येणंही नको. डेपोला कळवून गाडी दुसऱ्या चालकाच्या ताब्यात द्या आणि जिथे एमआरआय आणि मणक्याचे सर्जन आहेत अशा मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचा.